नख काढलं आणि ग्राउंड दोन महिन्यांवर

"मॅडम, राउंड मारायला कधीपासून सुरू करू?"

माझ्या फिजिओथेरपीच्या खोलीत खुर्चीवर टेकायच्या आधीच तिने विचारलं. डाव्या पायात स्वतःचा बूट, उजव्या पायात वडिलांची ढगळ चप्पल आणि अंगठ्याला पट्टी. नख काढून नऊ दिवस झाले होते. वय 21, राहणार माण तालुका, दोन वर्षांपासून पोलीस भरतीची तयारी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. लिहायला तिची हरकत नाही. "लिहा की, बाकीच्या पोरींना तरी कळू दे," हे तिचंच म्हणणं.)

भरतीच्या वाटेला न गेलेल्यांसाठी थोडं सांगते. शिपाई पदाच्या शारीरिक चाचणीला ही मुलं 'ग्राउंड' म्हणतात. ते 50 गुणांचं असतं. मुलींना 800 मीटर धावण्याचे 20, 100 मीटरचे 15 आणि 4 किलोच्या गोळाफेकीचे 15. 800 मीटर 2 मिनिटं 50 सेकंदांच्या आत मारलं तर वीसपैकी वीस, त्यापुढे गुण गळायला लागतात. नख काढायच्या आधी तिचा चांगल्यातला चांगला वेळ होता 2 मिनिटं 48 सेकंद, म्हणजे हाताशी दोन सेकंद. आणि ग्राउंड दोनेक महिन्यांत लागणार, अशी अकॅडमीत कुजबुज होती. माणच्या मुलींना पळण्याचं कौतुक असतंच. त्याच तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या (अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत पळाल्या होत्या. त्यामुळे "यंदा सोडून दे, पुढच्या वर्षी बघू" हा सल्ला घरात कोणी देणार नव्हतं. मीही दिला नाही.

नखाची कथा पाच महिन्यांची होती. बुटात अंगठा दुखायचा म्हणून ती नखाचा कोपरा ब्लेडने खोलवर कापायची. गावाकडे अजून अनेक घरांत अर्ध्या ब्लेडनेच नखं काढतात. कोपरा गोल कापला की दोन दिवस बरं वाटतं, पण आत राहिलेला नखाचा बारीक काटा वाढताना मांसात घुसतो. मग सूज, मग पू. घरचे म्हणाले नखुरडं आहे. आजीने लिंबू बांधून बघितलं, मग बिब्बा लावला. बिब्ब्याने नख सुधारलं नाहीच, कडेची कातडी मात्र भाजून काळी झाली. तेवढ्यात रानात दगडाची ठेच लागली आणि नख पुढून अर्धं उचकटलं. सर्जनने पाहिलं तेव्हा दोन्ही बाजूंनी रुतलेलं, खालून सुटलेलं, आत पू. एरवी रुतलेल्या बाजूची पट्टी तेवढी काढतात, सगळं नख काढायची वेळ येत नाही. इथे काढावंच लागलं. अंगठ्याच्या बुडाशी दोन इंजेक्शनं देऊन बोट बधिर केलं, नख पूर्ण उपसलं आणि आतल्या कोपऱ्यात मुळाला फिनॉल लावलं. त्याने त्या कोपऱ्यातलं मूळ जळतं आणि नखाची ती कड पुन्हा उगवत नाही. "सुई टोचली तेव्हाच काय ती बोंबलले," ती म्हणाली, "नंतर नुसतं ओढल्यागत वाटलं."

फिनॉलचं मुद्दाम सांगितलं, कारण पुढचा निम्मा गोंधळ त्यातून झाला. फिनॉल म्हणजे शेवटी रासायनिक भाजणं. ती जागा दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त, पिवळसर पाणी सोडत राहते. ते पाणी पू नव्हे. पू घट्ट असतो, वास मारतो, आणि त्याच्यासोबत ठणका वाढत जातो, लाली बोटाच्या सांध्याच्या मागे सरकते, ताप येतो. असं काही दिसलं तर व्यायामाचा विषय बाजूला ठेवून त्याच दिवशी सर्जन गाठायचा. नुसतं पाणी असेल तर घाबरायचं नाही, पण पळायचंही नाही. हिच्या घरात दोन गट पडले होते. आईला ते पाणी बघून वाटे, पोरीचा पाय सडतोय. हिला वाटे, दुखत तर नाही, म्हणजे बरं झालं.

आणि ती पळून आली होती! सहाव्या दिवशी पहाटे, घरच्यांना न सांगता, पट्टीवर मोजा, मोज्यावर बूट चढवून दोन राउंड. हे मला तिने नाही, सोबत आलेल्या भावाने सांगितलं. मोजा पट्टीला आणि पट्टी जखमेला चिकटली, ती कोमट पाण्यात पाय घालून सोडवावी लागली.

मी आधी पायाकडे नाही, चपलेकडे पाहिलं. वडिलांची चप्पल नऊ दिवसांतच बाहेरच्या कडेला दबली होती. मग तिला दाराच्या पडदीपासून खिडकीपर्यंत चालायला लावलं. अंगठा जमिनीला लागू नये म्हणून ती पाऊल बाहेरच्या कडेवर टाकत होती आणि उजवा पाय पुढे नेताना कंबर किंचित वर उचलत होती. "दुखतंय का?" "नाही." खरंच दुखत नव्हतं, कारण ती अंगठा वापरतच नव्हती. आडवं झोपवून अंगठा हळूच वर वाकवला. डावा 65 अंशांपर्यंत गेला, उजवा 30 ला अडला. नडगीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू दोरीसारखे ताठ.

मला या प्रकरणात बोटाची फार काळजी नव्हती. निरोगी तरुण मुलीची नखाखालची जागा भरून येणारच. (मधुमेह असेल, पायाला रक्त कमी पोचत असेल किंवा पायाला मुंग्या-बधिरपणा असेल, तर यातलं एकही वेळापत्रक लागू नाही, ते सर्जनबरोबर वेगळं ठरवायचं.) काळजी होती ती बोट वाचवायला पायाने शिकलेल्या नव्या चालीची. जखम तीन आठवड्यांत विसरली जाते, लंगडणं मात्र अंगात राहतं. तसंच पळायला गेलं की अंगठ्याने जोर द्यायचा तो क्षण हुकतो, भार बाहेर जातो, आणि महिन्याभरात गुडघ्याची बाहेरची बाजू किंवा नडगी धरते. मग माणूस म्हणतो, नख तर कधीच बरं झालं, हा गुडघा कुठून आला?

म्हणून तिच्या "कधीपासून?"ला मी तारीख दिली नाही. शाळेत घालतात तसले पांढरे सुती मोजे चार जोड आणायला सांगितले. ड्रेसिंगवर मोजा घालायचा, चोवीस तासांनी काढायचा, अंगठ्याच्या जागी काय उमटलंय ते बघायचं आणि फोटो पाठवायचा. ओला पिवळा डाग असेल तर आज पायावर काही नाही. लाल असेल तर काल काहीतरी जास्त झालं, एक पायरी मागे. सलग तीन दिवस कोरडा निघाला की बूट. "एवढंच?" ती म्हणाली. हो, एवढंच. जखम कशी आहे हे आरसा आणि मन दोन्ही खोटं सांगू शकतात. पांढऱ्या मोज्याला ते जमत नाही.

मोजा ओला असताना रिकामं बसायचं नव्हतं. 50 पैकी 15 गुण गोळ्याचे, आणि गोळ्यातला मोठा वाटा कमरेपासून वरचा. स्टुलावर बसून, पाय मोकळे ठेवून, आधी 2 किलोचा गोळा दोन्ही हातांनी छातीपासून ढकलायचा, मग एका हाताने. पाठीवर झोपून टाचांवर जोर देऊन कंबर उचलायची. गुडघ्यांवर टेकून प्लँक, म्हणजे कोपरांवर अंग सरळ तोलून धरणं. पायाच्या बोटांवरचा नेहमीचा प्लँक नाही. घरची सायकल स्टँडवर उभी करून चप्पल घालून पॅडल मारायचं, पण पॅडलवर टाच, चवडा नाही. दम टिकवायला याचा चांगला उपयोग झाला. फक्त घामाने ड्रेसिंग भिजलं की लगेच बदलायचं. विहिरीत पोहू का, असंही विचारून झालं. जखम पूर्ण मिटेपर्यंत विहीर नाही, तलाव नाही.

तेराव्या दिवशी डाग लहान झाला. सतराव्या दिवशी रुपयाएवढा, कडा वाळलेल्या. एकोणीस, वीस, एकवीस: कोरडा. सर्जनला फोन करून जागा मिटल्याची खात्री केली आणि बुटांकडे वळलो.

बूट हेच तर मूळ दुखणं होतं. ती बारावीपासून 5 नंबरच वापरत होती. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, तिला कागदावर उभं करून पेन्सिलने पाऊल रेखलं आणि बुटाचा आतला तळ काढून त्यावर ठेवला. अंगठ्याचं टोक तळाच्या बाहेर! इतकी वर्षं ती बोटं दुमडून पळत होती. सर्वांत लांब बोटाच्या पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, पुढचा भाग रुंद हवा. 6 नंबर घेतला. नाडी घालायची पद्धत बदलली: घोट्याजवळचं शेवटचं भोक, जे सगळे रिकामं सोडतात, त्यात नाडी ओवून दोन्ही बाजूंना छोटे फासे करायचे, प्रत्येक फाशातून समोरच्या बाजूची नाडी घेऊन आवळायची. टाच मागे पक्की बसते, आणि उतारावर किंवा अचानक थांबताना पाय पुढे घसरून अंगठा बुटावर आपटत नाही. मेडिकलमध्ये मिळते ती सिलिकॉनची टोपी अंगठ्यावर घातली. हीच टोपी 5 नंबरच्या बुटात घातली असती तर बूट आणखी घट्ट होऊन नुकसान झालं असतं.

बाविसाव्या दिवसापासून बुटात चालणं. कसोटी अशी: सपाट जागेवर तीस मिनिटं, लंगड न दिसता, आणि घरी आल्यावर मोजा कोरडा. लंगड तिला स्वतःला कळत नव्हती, म्हणून भावाने मागून मोबाइलवर चित्रण करायचं. सोबत अंगठ्याची शाळा. जमिनीवरच्या गोट्या बोटांनी उचलून डब्यात टाकायच्या, हाताने अंगठा सोसेल तेवढा वर वाकवून तीस आकडे धरायचा, भिंतीला धरून दोन्ही टाचा उचलायच्या. उजवीकडे टाच उचलताना भार करंगळीकडे पळायचा. अंगठ्याखाली पोस्टकार्डाचा तुकडा ठेवून मी तो ओढायचे. निसटला तर ती मोजणी बाद. चार दिवसांत तुकडा निघेना, आणि एका पायावर वीस वेळा टाच उचलली गेली. अठ्ठाविसाव्या दिवशी गवतावर पहिलं धावणं: एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल, असं सहा वेळा. मोजा कोरडा. घरी पेढे आले म्हणे. मी म्हटलं, थोडं थांबा.

तेहतिसाव्या दिवशी सकाळी सातला फोटो आला. लाल डाग, चांगला मोठा.

मी आधी तिच्यावरच संशय घेतला. जास्त पळालीस का? नाही. उतार? नाही. दोरीच्या उड्या? नाही. बेडूकउड्या? "तुम्हीच नको म्हणालात ना." मग आदल्या सकाळचं सगळं क्रमाने सांगायला लावलं. अकॅडमीत परत जायला लागल्याचा तो दुसरा दिवस. सगळ्यांबरोबर स्ट्रेचिंग आणि शेवटी मैदानावर दहा मिनिटं वज्रासनात बसून श्वसन.

वज्रासन! पावलं उलटी, पायाची वरची बाजू जमिनीला आणि अंगाचा सगळा भार त्यावर. नख असताना ते नखच ढालीसारखं खाली असतं. इथे ढाल नव्हती. दोन आठवड्यांची कोवळी कातडी थेट खडीच्या मैदानावर घासली गेली. सूर्यनमस्कारातही भुजंगासनात पावलं अशीच उलटी टेकतात, आणि जोर मारताना सगळा रेटा बोटांच्या टोकांवर येतो. मी तिला काय पळायचं नाही, काय उडी मारायची नाही याची भलीमोठी यादी दिली होती. आपल्याकडे ज्याला कोणी व्यायामच म्हणत नाही, ते बसणं मी त्यात घातलं नव्हतं. ही चूक माझी. तेव्हापासून माझ्या कागदावर पहिली ओळ तीच आहे: वज्रासन नाही, पाऊल उलटं टेकेल असं काहीही नाही, मऊ सतरंजीवर चालेल का असं विचारायचंही नाही.

सहा दिवस गेले. परत चप्पल, परत टाचेवरची सायकल. मुलगी रडली, आणि तिचे सर मला फोनवर म्हणाले, "एका नखासाठी एवढं?" त्यांचं चुकत नव्हतं, त्यांच्या हाताखाली चाळीस पोरं, सगळ्यांचं ग्राउंड तोंडावर. मी एवढंच मागितलं की वज्रासनाच्या वेळी तिला मांडी घालून बसू द्या. त्यांनी दिलं.

चाळिसाव्या दिवशी पुन्हा गवत. यावेळी शरीर लवकर परतलं. पण पंचेचाळिसाव्या दिवशी एक गंमत कळली. सरळ रस्त्यावर दोन किलोमीटर पळूनही काही नाही, आणि ट्रॅकवर एक राउंड मारला की अंगठ्याच्या आतल्या कडेला हुळहुळ. ट्रॅकवर आपण नेहमी डावीकडे वळतो. वळणावर अंग आत झुकतं, बाहेरचा म्हणजे उजवा पाय आतल्या कडेवर रेटला जातो, आणि त्या रेट्याखाली सापडतो उजवा अंगठा, नेमका फिनॉल लावलेला कोपरा. 800 मीटर म्हणजे दोन राउंड, म्हणजे चार वळणं. नख डाव्या पायाचं असतं तर कदाचित हे जाणवलंही नसतं. मग आठवडाभर उलटं केलं: वळणं चालत, सरळ भाग पळत. नंतर बाहेरच्या लेनमधून वळणं, कारण तिथे वळण कमी तीव्र. शेवटी आतली लेन. गोळ्यालाही हेच लागू होतं. ती उजव्या हाताची, म्हणजे फेकताना उजवा चवडा जमिनीवर फिरवून रेटायचा. तिथे आधी जागेवर उभं राहून, पाय न फिरवता फेक, आणि फिरवणं सर्वांत शेवटी.

या सगळ्यात एक काम ती कंटाळून करायची, आणि मी रोज विचारायचे. नख नसलं की बोटाच्या टोकाचं मांस दाबायला वर काही उरत नाही; ते फुगून वर येतं, पुढे त्याची भिंत होते आणि नवं नख येऊन तिच्यावरच अडतं, म्हणजे पुन्हा रुतणं. म्हणून अंघोळीनंतर रोज दोन मिनिटं ते मांस बोटाने खाली आणि मागे ओढत चोळायचं, आणि पळताना कागदी चिकटपट्टीने खाली ओढून ठेवायचं. पट्टी काढताना ओली करून. ओरबाडली तर कातडी निघते.

अठ्ठावन्नाव्या दिवशी पूर्ण 800 मीटर घड्याळ लावून: 3 मिनिटं 4 सेकंद. ती गप्प बसली. मी चित्रण पुन्हा पुन्हा पाहिलं. दुसऱ्या राउंडलाही पाऊल आत-बाहेर होत नव्हतं, दोन्ही टाचा सारख्या उचलल्या जात होत्या. वेग कमी होता तो दम कमी पडल्यामुळे, आणि दम दोन आठवड्यांत थोडातरी सुधारतो. लंगडत 2 मिनिटं 55 आणले असते तर मी जास्त घाबरले असते.

ग्राउंड एकाहत्तराव्या दिवशी झालं. 800 मीटर 2 मिनिटं 56 सेकंद. पहिल्यापेक्षा आठ सेकंद जास्त, आणि तेवढे गुण गेले. गोळा मात्र तिच्या जुन्या फेकीपेक्षा लांब पडला. स्टुलावर बसून केलेल्या त्या कंटाळवाण्या ढकलण्याचा तो परिणाम असावा असं मला वाटतं, तिच्या सरांना वाटत नाही. शंभर मीटर पूर्वीसारखंच. एकूण गुण लेखीला बसण्यापुरते झाले. संध्याकाळी भावाने फोटो पाठवला. चेहऱ्याचा नव्हता, मोज्याचा होता: धुळीने मळलेला, अंगठ्याच्या जागी कोरडा.

त्या दिवशी तिच्या अंगठ्यावर नख होतं ते मुळाशी तीनेक मिलिमीटरची चंद्रकोर. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला दीड मिलिमीटरच्या आसपास सरकतं. पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष जातं. बाकी जागेवर घट्टशी कातडी होती, आणि ती पळायला पुरेशी असते. पळायला नख लागत नाही, हे बऱ्याच जणांना पटत नाही.

सातव्या महिन्यात ती सहज दाखवायला आली. नख निम्म्याच्या थोडं पुढे आलेलं, जाडसर, किंचित तिरकं, फिनॉलच्या बाजूने अरुंद. टोकाचं मांस खाली बसलेलं. कडा सरळ कापल्या होत्या, कोपरे सोडून. अंगठा 60 अंशांपर्यंत वाकत होता. जायला उठली आणि दारात थांबून म्हणाली, "मॅडम, एक विचारू? भावाचं लग्न आहे. नेलपॉलिश लावलं तर चालेल का?"

मी म्हटलं, नऊ बोटांना लाव.